भिंतीवरच्या फुल्या

लाल सिग्नलला गाडी थांबली की ते दार उघडून खाली उतरायचे. शेजारी बसलेल्याला आधी काही सांगायची पद्धत नव्हती. ताडताड मागच्या गाडीपाशी जायचे, बोटाच्या पेरानं काचेवर टकटक करायचे आणि काच खाली आली की सरकारी पत्र वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणायचे, "आपकी दायीं बत्ती ऊपर है। इसे नीचे करवाइए।" तोवर सिग्नल हिरवा झालेला असायचा. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ, आणि बिनचालकाच्या गाडीत मी, मान खाली घालून, आपण या गृहस्थांना ओळखत नाही असं दाखवायचा प्रयत्न करत बसलेला. ज्यांच्या गाडीत आपण बसलोय त्यांना आपण ओळखत नाही हे कसं दाखवायचं, ते मला कधीच जमलं नाही.

मला त्यांचा राग यायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कुणाला वाटेल की मी त्यांचा भक्त होतो. मुळीच नव्हतो. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या खाली. दोघंही एकाच मंत्रालयात. ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला अरे-तुरे करायचे. सरकारी खरेदीत आलेला माल तपासणं हे त्यांचं काम होतं. कंदील, टॉर्च, बल्ब, असल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर पेटवून आणि विझवून पाहिल्या होत्या. माझ्याकडे तेव्हा गाडी नव्हती, म्हणून चार वर्षं मी त्यांच्या गाडीतून ऑफिसला गेलो-आलो आणि चार वर्षं हे सिग्नलवरचं उतरणं सोसलं.

सोसायटीत सगळे त्यांना 'डिपर साहब' म्हणायचे. समोरून गाडी आली की आपल्या दिव्याचा झोत खाली घ्यायचा, याला डिपर देणं म्हणतात. रात्री डिपर द्या असं प्रत्येक ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं असतं आणि तो ट्रकसुद्धा ते पाळत नाही. काका पाळायचे. एवढंच नव्हे, तर समोरच्यानं पाळलं नाही तर गाडी वळवून, त्याच्या मागं जाऊन त्याला गाठायचे. एकदा एका बड्या अधिकाऱ्याला त्यांनी ऑफिसच्या फाटकात असं अडवलं होतं. त्या वर्षी त्यांची बढती हुकली. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे असं सगळे म्हणायचे; काका म्हणायचे, असला तर असू दे, त्याचा डावा दिवा तरी नीट झाला.

सोसायटीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीशेजारी, एक लांबलचक कोरी भिंत होती. काकांनी भिंतीपासून पंचवीस फुटांवर जमिनीवर पांढरा पट्टा ओढला होता. ज्याला दिवे नीट करून हवेत त्यानं अंधार पडल्यावर पुढची चाकं त्या पट्ट्यावर आणून गाडी उभी करायची. मग काका स्वतःच्या मापकानं चारही टायरांची हवा बघायचे, पेट्रोलचा काटा बघायचे आणि घरून आणलेली आट्याची दोन पोती मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसवायचे.

"एक बायको, एक सासू," असं ते पोती ठेवताना म्हणायचे. हसायचे नाहीत. त्यामागचं कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "रिकाम्या गाडीचा दिवा कुणीही नीट लावतो. माणसं मागं बसली की गाडीचं नाक वर होतं आणि तोच दिवा समोरच्याच्या डोळ्यात जातो. घरच्यांना घेऊन निघालेला माणूस रस्त्यावर सगळ्यात धोक्याचा."

पोती बसली की दिवे लागायचे. झोत कुठं पडायला हवा तिथं काका भिंतीवर गेरूनं फुली मारायचे, एक डावी, एक उजवी, आणि खाली गाडीचा नंबर. मग दिव्याच्या मागचे स्क्रू फिरवत झोत त्या फुलीखाली आणून सोडायचे. एकेका गाडीला पाऊण तास. एक पैसा घ्यायचे नाहीत, चहासुद्धा नाही, पण लेक्चर ऐकावंच लागायचं. भिंतीवर तेवीस गाड्यांच्या फुल्या होत्या. दर दिवाळीला सेक्रेटरी भिंतीला चुना मारून घ्यायचे आणि दर भाऊबीजेला काका गेरू घेऊन पुन्हा हजर व्हायचे. एका वर्षी हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये आला. काका उठून म्हणाले, "आप चूना लगवाइए। मैं फिर लगाऊँगा।" आणि खाली बसले.

ते दिवसच असे होते. आम्ही राहायला आलो तेव्हा सोसायटीत चार गाड्या होत्या आणि बाकी स्कूटर. पाच-सहा वर्षांत बँका घरी येऊन कर्ज द्यायला लागल्या. ज्यानं जन्मभर डीटीसीच्या बसला लोंबकळून प्रवास केला तो एका सहीत गाडीचा मालक झाला. नोएडाच्या पुढं, गाझियाबादच्या पुढं, गुडगावच्या पुढं मोहरीच्या शेतांत इमारती उठायला लागल्या. आधी इमारत, मग रस्ता, आणि रस्त्यावरचे दिवे झालेच तर शेवटी. लोक तिकडं राहायला गेले आणि रोज काळोखातून घरी यायला लागले. मग सगळ्यांना गाडीला मोठे दिवे हवे झाले. पांढरे, निळसर, दुप्पट ताकदीचे. दिवा मोठा करायला दिल्लीत प्रत्येकाकडे पैसे होते. तो क्षणभर खाली घ्यायला बोटसुद्धा हलत नव्हतं. हे सांगताना आजही माझं डोकं तापतं. मला समोरचं लख्ख दिसलं पाहिजे, मग समोरचा आंधळा झाला तरी बेहत्तर! ही नव्या पैशाची रीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. कुठं पाहिली तेही सांगणार आहे.

"दिवा आपण विकत घेतो," काका म्हणायचे, "पण त्यातला अर्धा समोरच्याचा असतो." हे वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल. शंभराव्या वेळेनंतर मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

त्यांना एवढं वेड का, याचं कारण गूढ नव्हतं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. एकच मुलगी. तिचा नवरा नगर जिल्ह्यातला, साखर कारखान्यात केमिस्ट. नोकरी मेरठच्याही बऱ्याच पलीकडं, उसाच्या मुलखात. दर दुसऱ्या शुक्रवारी ऑफिस सुटलं की काका तसेच निघायचे. करोल बागेतून घेतलेले पोहे, मेतकूट, कोकमं मागच्या सीटवर. मेरठपर्यंत रस्ता बरा होता. पुढं दोन्ही बाजूंना उंच ऊस, मध्ये एका गाडीपुरतं डांबर आणि हिवाळाभर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि रेड्यांच्या गाड्या. एकीलाही मागं दिवा नाही. ट्रॉली मोडली की मालक चार विटा लावून ती तिथंच रस्त्यात सोडून जेवायला घरी जायचा. महिन्यातून दोनदा हा रस्ता अंधारात कापायचा आणि रविवारी परत यायचं, हेच त्यांचं बायकोनंतरचं आयुष्य होतं. बसनं जा असं त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. बस फाट्यावर सोडते, तिथून आठ किलोमीटर, आणि पोचायला शनिवारची दुपार होते. मुलीच्या हातचं शुक्रवारचं जेवण चुकतं, असं ते म्हणायचे.

म्हणून त्यांनी आपल्या त्या जुन्या, गोल दिव्यांच्या गाडीवर जीव ओतला होता. लोकांना वाटतं दिवा कमी पडला की मोठा बल्ब घालावा. काकांना या गोष्टीची चीड होती. जुन्या बारीक तारेतून बल्बपर्यंत वीजच पुरेशी पोचत नाही, म्हणून तो मिणमिणतो. "बल्ब बदलू नका, तार बदला," हे त्यांचं दुसरं वाक्य. त्यांनी बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तार ओढली होती, मध्ये बॅटरीची वीज थेट दिव्याकडं सोडणारा छोटा रिले बसवला होता, आणि बल्ब तोच, कंपनीच्या मापाचा. बंपरच्या खाली दोन पिवळे, चपटे दिवे होते. ते लांब बघायला नव्हतेच. रस्त्याची डावी कड आणि कडेला उभं असलेलं जनावर दाखवायला होते. निघण्याआधी सगळ्या काचा ओल्या वर्तमानपत्रानं पुसायचे. धुळीची काच निम्मा उजेड खाते, हेही ऐकावं लागायचं.

गाडीत लाल चमकत्या पट्टीचं एक भेंडोळं असायचं. वाटेत रेड्याची गाडी दिसली की तिच्या पुढं जाऊन थांबायचे, खाली उतरायचे आणि गाडीवाल्याला न विचारता मागच्या फळीवर वीतभर पट्टी चिकटवायचे. निवडणुकीचे दिवस होते तेव्हा एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं होतं, "बाबूजी, ये किस पार्टी का है?" काका म्हणाले, "जो पीछे से आएगा, उसकी पार्टी का।" म्हाताऱ्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं पट्टी ठेवली. काही जण मागं वळताच उपटून टाकायचे. काका परतीच्या वाटेवर पुन्हा चिकटवायचे.

मग मी गाडी घेतली. कर्जावर, चंदेरी रंगाची, आमच्या सगळ्या घराण्यातली पहिली. रात्री चालवताना दिवे मला कमी वाटले. मी काकांना विचारलं आणि ती चूक झाली. त्यांना इतका आनंद झाला की शनिवारी सकाळीच ते मला करोल बागेत घेऊन गेले. गाडीच्या सुट्या भागांच्या त्या गल्लीत एका दुकानात काचेच्या कपाटात बल्ब मांडून ठेवलेले होते. दुकानदारानं एकशेतीस वॉटची जोडी काढली आणि म्हणाला, "ये लगा लो भाई साहब, रात को दिन हो जाएगा।"

"और सामनेवाले का क्या होगा?" काकांनी विचारलं.

"सामनेवाला अपने आप हटेगा। इसी के तो पैसे हैं।"

झालं. काका तिथंच उभे राहून बोलायला लागले. वॉट म्हणजे काय, झोत म्हणजे काय, माणसाचा डोळा एकदा दिपला की पुन्हा बघायला किती वेळ घेतो. गिऱ्हाईकं जमली. दुकानदारानं माझ्याकडं बोट दाखवून म्हटलं की गाडी यांची आहे, यांना बोलू द्या. तेव्हा काका त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "इन्हें मत बेचिए। इन्हें अभी अँधेरे में चलाना नहीं आता।"

लोक हसले. चौतीस वर्षांचा माणूस मी, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, हाताखाली सात जण. माझे कान गरम झाले. आम्ही सहा मीटर जाड तार आणि एक रिले घेऊन परत आलो, आणि घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते रिलेबद्दल बोलत होते. सोमवारी जेवणाच्या सुटीत मी एकटा गाडी घेऊन करोल बागेत गेलो आणि ती एकशेतीसची जोडी बसवून घेतली. तार तशीच डिकीत पडून राहिली.

त्या संध्याकाळी फाटकातून आत शिरलो तर माझा उजेड थेट तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या बाल्कनीत. काका तिथं उभे होते. डोळ्यांवर हात धरून त्यांनी वरूनच सांगितलं, "भिंतीपाशी आण. पाऊण तासाचं काम आहे. उजवा फार वर आहे." मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हटलं. तीन आठवडे मी उद्या म्हणत राहिलो आणि सोसायटीत माझी एकच गाडी अशी राहिली जिची फुली भिंतीवर नव्हती. मला त्याची लाज वाटत नव्हती. उलट गंमत वाटत होती.

संक्रांतीला त्यांच्या मुलीनं आम्हाला बोलावलं. गुऱ्हाळ चालू असतं, मुलाला ताजा गूळ खाऊ घाला, असा तिचा निरोप. काका शुक्रवारीच गेले. आम्ही शनिवारी निघायचं ठरलं, कारण त्या दिवशी माझ्या सासूबाई भुसावळहून रेल्वेनं येणार होत्या. गाडीला उशीर झाला. निघायला संध्याकाळ झाली. मी बूथवरून कारखान्यात फोन लावून सांगितलं की नऊपर्यंत फाट्यावर पोचू. फाट्याला पाटी नव्हती, म्हणून काका साडेआठपासून तिथं आपले दिवे लावून उभे राहणार होते. ते त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

माझ्या शेजारी मुलगा. मागं बायको आणि सासूबाई, मधोमध त्यांची मोठी बॅग, आणि डिकीत बाकीचं सामान. मेरठ सोडल्यावर मी तो मोठा झोत लावला आणि खरोखरच दिवस झाला. उसाचं पान न् पान दिसत होतं. कोल्ह्याचे डोळे अर्ध्या किलोमीटरवरून चमकले. समोरून येणारे आपोआप कडेला होत होते, दुकानदारानं सांगितल्यासारखे. मी गाडी पळवली. फाट्यावर आलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि काका अजून आलेले नव्हते. चहाच्या टपरीवाल्यानं हात करून सांगितलं, सीधे, आठ किलोमीटर. मी थांबलो नाही. त्यांच्या मदतीशिवाय दारात जाऊन उभं राहायचं, ही गोष्ट मला आवडली.

तीन-चार किलोमीटर गेलो असू. रस्त्याच्या उजव्या बाजूला एक मोडकी ट्रॉली उभी होती. ऊस लादलेला, मागं-पुढं विटा, दिवा नाही. मला ती फार लांबून दिसली. मी बायकोला म्हटलं, "बघ, दिसली की नाही? साध्या दिव्यात दिसली असती?" ट्रॉली मागं टाकली आणि समोरून एक गाडी आली. तिनं डिपर दिला. पुन्हा दिला. मग तिसऱ्यांदा.

"अहो, तो बत्ती खाली करायला सांगतोय," बायको मागून म्हणाली. "द्या ना तुम्ही पण."

"दिसतंय की सगळं," मी म्हटलं.

हे माझे शब्द आहेत. मला दिसतंय म्हणजे त्यालाही दिसत असणार, एवढी माझी अक्कल. त्या गाडीखाली दोन पिवळे दिवे होते तेही मी पाहिले. त्या गाडीत मी चार वर्षं बसलो होतो, पण नेहमी आतून. समोरून ती कशी दिसते ते मला ठाऊकच नव्हतं. गाडी बाजूनं गेली. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "मागं काही वाजलं का हो?" मी आरशात पाहिलं. मागं काळोख होता. मी म्हटलं, ऊस उतरवत असतील. आणि पुढं गेलो.

कारखान्याच्या वसाहतीत शिरलो तर त्यांची मुलगी ओट्यावरच उभी होती. "दादा, इतक्या लवकर?" ती म्हणाली. "बाबा आत्ताच निघाले तुम्हाला घ्यायला. वाटेत भेटले नाहीत?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तसं तिनं माझ्याकडं ना त्याआधी कधी पाहिलं होतं, ना नंतर.

जावयाबरोबर कारखान्याच्या जीपमधून मी परत गेलो. माझ्या दिव्यानं मला जी ट्रॉली अर्धा किलोमीटर आधी दाखवली, तीच त्यांच्यापासून लपवली होती. गाडीची डावी बाजू उसात घुसली होती. काका एका बाजूला विटांवर बसले होते. उजवं मनगट मफलरमध्ये गुंडाळून छातीशी धरलेलं, आणि जेवण टाकून धावत आलेल्या ट्रॉलीवाल्याला ते डाव्या हातानं पट्टीचं भेंडोळं दाखवत झापत होते. त्याच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन पट्ट्या वाकड्यातिकड्या लागल्यासुद्धा होत्या. जीप थांबली तसं त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं.

"सगळे नीट पोचलात ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. जावयानं विचारलं की समोर कुठली गाडी होती. काका म्हणाले, झोतात काही दिसलं नाही. चौकीवरच्या कागदात 'अज्ञात वाहन' असं लिहिलं गेलं. मी शेजारी उभा होतो. माझी गाडी वसाहतीत उभी होती, तिचे दिवे अजून गरम असतील.

हात वाकडा बसला. मूठ पुरती वळेना, स्टिअरिंग धरता येईना. डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि ती जुनी गाडी तशीही दुरुस्तीच्या लायकीची राहिली नव्हती. दुसरा शुक्रवार आला आणि काका बाल्कनीत बसून राहिले. त्याच्या पुढचाही.

पण खरा संताप मला आला तो सोसायटीचा. ज्यांच्या गाडीसाठी या माणसानं थंडीत पाऊण पाऊण तास गुडघ्यावर बसून स्क्रू पिळले, ते जिन्यात उभे राहून हसत होते. डिपर साहब उभ्या ट्रॉलीला धडकले! सेक्रेटरी म्हणाले, "चिराग तले अँधेरा।" आमचेच एक मराठी शेजारी म्हणाले, लोका सांगे ब्रह्मज्ञान. एक जण म्हणाला की वय झालं, डोळे गेले असणार, इतकी वर्षं उगाच आमचे दिवे नीट करत होते. पुढच्या मीटिंगमध्ये भिंतीला चुन्याऐवजी पक्का रंग द्यायचं ठरलं, म्हणजे पुन्हा कुणी काही लिहायला नको. काका वाकडा बसलेला हात मांडीवर ठेवून बसले होते. या वेळी ते उठले नाहीत. मीही त्या खोलीत होतो. एक वाक्य बोललो असतो तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. मी मूग गिळून बसलो. इतरांना काय नावं ठेवायची?

बल्ब मी दिल्लीला आल्याबरोबर काढले होते आणि जुने परत बसवले होते. तेवढ्यानं काही फिटत नाही हे मलाही कळत होतं. भिंतीला रंग लागला त्या दिवशी बायकोनं मला विचारलं, "तुम्ही सांगणार आहात की मी सांगू?"

त्या शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी काकांना म्हटलं, चला, मी सोडतो मुलीकडं. ते निघाले. करोल बागेत थांबून पोहे आणि मेतकूट घेतलं, गाडीच्या काचा डाव्या हातानं वर्तमानपत्रानं पुसल्या आणि माझ्या शेजारी बसले. मेरठपर्यंत आम्ही ऑफिसबद्दल बोललो. पुढं काळोख सुरू झाला. समोर दिवे दिसले की फक्त एवढंच म्हणायचे, "दे." मी डिपर द्यायचो. ट्रक आला, दे. जीप आली, दे. सायकलवाला टॉर्च घेऊन आला तरी दे. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि प्रत्येक वेळी त्याची बोटं थोडी हलायची.

फाटा मागं पडला. ती जागा जवळ यायला लागली. मी म्हटलं, "काका, त्या रात्री ट्रॉलीपाशी..."

"समोर बघ," ते म्हणाले. "आधी डिपर दे."

समोरून उसाचा ट्रक येत होता. मी दिला. त्यानंही दिला. ट्रक बाजूनं गेला, त्याची धूळ खाली बसली आणि पुढचा रस्ता मोकळा झाला. मला वाटलं, आता ते म्हणतील, बोल. ते समोर बघत राहिले.

"तुझा उजवा दिवा अजून वर आहे," ते म्हणाले. "त्या रात्रीही होता."

मी गाडी हळू केली. पुढं रस्त्याला लागून एक गुऱ्हाळ होतं, चुना लावलेली त्याची लांब भिंत आमच्या उजेडात आली. काकांनी डाव्या हातानं खिशातून खडू काढला आणि थांबायला सांगितलं. खाली उतरून ते भिंतीपासून पावलं मोजत आले. वाकलेला हात पोटाशी धरून त्यांनी टाचेनं मातीत रेघ ओढली आणि मला पुढची चाकं तिच्यावर आणायला लावली.

मग खिडकीशी आले. "आत जाऊन दोन पोती मागून आण," ते म्हणाले. "मागं दोघीजणी होत्या ना?"

मी उतरलो आणि पोती मागायला गेलो.